ऑपरेशनची जखम का पिकते, आणि ती पिकू नये म्हणून ऑपरेशनच्या आधीपासून काय काय करायचं

आपल्याकडं ऑपरेशनच्या जागी पू झाला की घरात पहिली चौकशी होते ती खाण्याची. भात कुणी चारला, बटाटा कुणी दिला, सुनेनं आंबट वरण कशाला केलं. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्यात सर्जरी वॉर्डला स्टाफ नर्स आहे, टाक्यांच्या जखमा उघडून बघणं हे माझं रोजचं काम, आणि मी अगदी ठामपणे सांगते की भातानं जखम पिकत नाही. जखम पिकते ती साखर वाढलेली असते म्हणून, तंबाखू सुटत नाही म्हणून, अंगात रक्त आणि प्रोटीन कमी असतं म्हणून, आतडं फुटून पोटात घाण पसरल्यावर पेशंट दवाखान्यात येतो म्हणून, कुणीतरी हात न धुता पट्टी उचलून बघतं म्हणून. यातल्या कितीतरी गोष्टी ऑपरेशनच्या चार-सहा आठवडे आधीपासून पेशंटच्या आणि घरच्यांच्या हातात असतात, पण तेव्हा त्या धड कुणी सांगत नाही आणि पू झाल्यावर मग सगळे सगळं सांगतात. म्हणून हे जसं घडत जातं त्याच क्रमानं लिहितेय. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर आत्ताच वाचा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ऑपरेशन होणाऱ्या १०० पैकी ११ जणांना इन्फेक्शन होतं. म्हणजे ही कुणा एखाद्याच्या नशिबाची गोष्ट नाहीये.

आधी हे कळू द्या की इन्फेक्शन कशाला म्हणायचं

ऑपरेशननंतर ३० दिवसांच्या आत कापलेल्या जागी जंतू वाढले तर ते ऑपरेशनच्या जखमेचं इन्फेक्शन. आत रॉड, प्लेट, सांधा किंवा हर्नियाची जाळी बसवली असेल तर ९० दिवसांपर्यंत लक्ष ठेवायचं. त्यामुळं "टाके निघाले, आता काय होत नाही" हे बरोबर नाही. इन्फेक्शन नुसतं वरच्या कातडीत असू शकतं, खाली स्नायूपर्यंत गेलेलं असू शकतं, नाहीतर पोटाच्या आत किंवा हाडाशी असू शकतं आणि वरून जखम छान कोरडी दिसत असते. हे शेवटचं फसवं असतं, त्याबद्दल पुढं लिहिलंय.

दुसरं म्हणजे सगळी ऑपरेशनं सारख्या धोक्याची नसतात. हर्निया किंवा थायरॉईडचं ऑपरेशन स्वच्छ धरतात, पित्ताशयाचं किंवा न फुटलेल्या अपेंडिक्सचं त्याच्या वरच्या पायरीवर, ॲक्सिडेंटमध्ये रस्त्यावरची माती गेलेली ताजी जखम त्याच्या वर, आणि फुटलेलं अपेंडिक्स किंवा पू भरलेलं पोट सगळ्यात वर. डॉक्टरला सरळ विचारा, "आमचं ऑपरेशन यातलं कुठलं?" उत्तर ऐकलं की कशाची किती काळजी करायची ते कळतं. पोट दुखतंय म्हणून चार दिवस गॅसची गोळी खात घरी बसलेला माणूस पाचव्या दिवशी फुटलेलं अपेंडिक्स घेऊन येतो, तेव्हा त्याचा धोका आमच्या दारात पाय ठेवायच्या आधीच कितीतरी वाढलेला असतो. उजव्या बाजूला खाली पोट दुखून ताप-उलटी असेल तर त्याच दिवशी दाखवा.

ऑपरेशन खरंच लागतंय का

हा प्रश्न पहिला, कारण जो चीरा लागलाच नाही तो पिकतही नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनचा विषय राज्यभर गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जातंय, पाळीत जास्त जातंय, कंबर दुखतेय एवढ्यावर कुणी "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" म्हणत असेल तर घाबरून लगेच हो म्हणू नका. कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, छत्रपती संभाजीनगरचा घाटी दवाखाना असो, नांदेडचं विष्णुपुरीचं मेडिकल कॉलेज असो, अंबाजोगाई किंवा लातूरचं मेडिकल कॉलेज असो, तिथल्या ओपीडीत दाखवा. रक्तस्राव थांबत नाही, पोट फुटलंय असलं काही असेल तर मात्र एक मिनिट घालवू नका. ठरवून करायच्या ऑपरेशनला दुसरं मत घेतल्यानं काही बिघडत नसतं.

तारीख मिळाली की लगेच: साखर

माझ्या डोळ्यासमोर पिकलेल्या जखमांमध्ये सगळ्यात जास्त वेळा येते ती साखर. आणि यातले कितीतरी जण असे की त्यांना शुगर आहे हेच ऑपरेशनच्या तपासणीत कळतं. रक्तात साखर वाढलेली असली की जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, जखम भरायला वेळ लागतो, आणि नसा बधिर झालेल्या असतील तर पिकलेलं दुखतसुद्धा नाही.

तर काय करायचं, की चाळिशीच्या पुढं असाल किंवा घरात कुणाला शुगर असेल तर तारीख घ्यायच्या वेळीच उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासा आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी पण करून घ्या. ती आठ-साडेआठच्या वर असेल आणि ऑपरेशन थांबण्यासारखं असेल तर डॉक्टर बऱ्याचदा आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात. हे ऐकून लोक नाराज होतात, पेरणी जवळ आलेली असते, सुट्टी टाकलेली असते, पण थांबा, त्या थांबण्यात तुमचाच फायदा आहे. ऑपरेशनच्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस साखर २०० च्या खाली राहिली पाहिजे, आणि हे ज्यांना शुगर नाही त्यांनाही लागू, कारण ऑपरेशनच्या ताणानं साखर तात्पुरती वाढू शकते. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन ऑपरेशनच्या आधी कधी बंद करायचं हे मात्र स्वतः ठरवू नका. काही गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवतात, काही त्याच दिवशी, म्हणून गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं पिशवीत टाकून भूलवाल्या डॉक्टरला दाखवा.

तंबाखू, विडी, गुटखा, मिश्री

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्या भागात "व्यसन आहे का" विचारलं की माणूस दारूचं बोलतो आणि तंबाखू धरतच नाही. आणि बायकांना तर कुणी विचारतच नाही. साठीतली माऊली पलंगावर बसलेली असते, व्यसन नाही म्हणून कागदावर लिहिलेलं असतं, आणि उशीखाली मिश्रीची डबी असते. मिश्री हा तंबाखूच आहे. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पाटाचं दार अर्धं बंद केल्यावर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही तसं जखमेच्या कडांना रक्त कमी पोचतं, आणि रक्तासोबत येणारा ऑक्सिजन, जंतू मारणाऱ्या पेशी, दिलेलं अँटिबायोटिक हे सगळंच कमी पोचतं. विडी-सिगरेटचा धूर वरून छातीत कफ करतो, मग पेशंट खोकतो आणि प्रत्येक खोकल्याला पोटाचे टाके ताणले जातात.

ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी बंद करा, सहा जमले तर अजून चांगलं. चार आठवडे हातात नसतील तर जेवढे दिवस आहेत तेवढे. आणि ऑपरेशन झाल्यावर टाके निघेपर्यंत नातेवाईकांनी "थोडीशी दे रे, त्याला करमत नाय" म्हणून चोरून पुडी आणून द्यायची नाही. तलफ फारच येत असेल तर डॉक्टरला सांगा, सोडवायला औषधं असतात, आणि १८०० ११ २३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फुकट फोन नंबर आहे.

अंगात ताकद आहे का

हिमोग्लोबिन कमी असलेली बाई आणि दोन महिने जेवण न गेलेला म्हातारा माणूस, या दोघांची जखम भरायला उशीर होतो. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन ३.५ च्या खाली असेल तर ते कमी धरतात, रिपोर्टमध्ये बघून डॉक्टरला विचारा. ऑपरेशनला महिना आहे ना, मग लोहाच्या गोळ्या आशाताईकडून, आरोग्य केंद्रातून आणा आणि नेमानं घ्या, चहासोबत घेऊ नका.

खाण्याचं बोलायचं तर वजनाच्या दर किलोला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. ५० किलोच्या माणसाला ६०-७५ ग्रॅम. नुसत्या भाकरी-पिठल्यावर दोन घास खाऊन हे होत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यात ७-८ ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत ६-७, ग्लासभर दुधात तेवढंच. तुरीचं घट्ट वरण, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, अंडी, मासे, चिकन, ज्याला जे चालतं ते. किडनीचा आजार असेल तर मात्र प्रोटीन किती ते डॉक्टरच ठरवतील.

आणि हे सगळं ऑपरेशननंतरसुद्धा. "पिकणारं खायचं नाही" म्हणून महिनाभर नुसती मुगाची पातळ खिचडी आणि बिस्कीट-चहा देतात, त्यानं जखमेला लागणारं सामानच बंद होतं. वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ, अंडं, यानं पू होत नाही. आंबटही बंद करतात, पण लिंबू, आवळा, पेरू यातलं सी जीवनसत्त्व जखमेला लागतंच की. पोटाच्या ऑपरेशननंतर पहिले काही दिवस डॉक्टर पातळच द्यायला सांगतात, ते आतड्यासाठी असतं, ते पाळायचं, पण त्यांनी सगळं खा म्हटल्यावर शेजारच्या काकूंचं पथ्य पाळू नका.

वजन फार जास्त असेल तर तेही धोक्यात मोडतं, चरबीच्या थराला रक्त कमी असतं आणि तिथं पाणी साठतं. पण ऑपरेशन तोंडावर आल्यावर उपास करून वजन उतरवायला जाऊ नका, त्यानं दुसरंच नुकसान होतं.

लपवू नका

दात किडलाय, केसपुळी झालीय, लघवीला जळजळ होतेय, पायाला चिखल्या आहेत, खरूज आहे, खोकला आहे, हे सगळं सांगायचं. अंगावर दुसरीकडं कुठंही जंतू असतील तर ते नव्या जखमेत येऊ शकतात, म्हणून आधी ते बरं करून मग ऑपरेशन.

आणि एक गोष्ट आपल्या भागात फार आहे. गुडघेदुखीला, दम्याला, कुठल्यातरी गावातनं पुड्या आणलेल्या असतात. खाल्ली की दोन तासांत माणूस पळायला लागतो. अशा कितीतरी पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्यानं प्रतिकारशक्ती दबते, साखर वाढते, कातडी पातळ होते. ती पुडी घेऊन या आणि दाखवा, कुणी रागावणार नाही. एकदम बंदही करू नका, स्टेरॉइड अचानक तोडलं तर ऑपरेशनमध्ये बीपी खाली जाऊ शकतं. आधीच्या ऑपरेशनची जखम पिकली होती का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, हेही विचारायची वाट न बघता सांगा.

आदल्या दिवशी आणि सकाळी

घरी ब्लेडनं केस काढून येऊ नका. हे मी हात जोडून सांगते. घरचे मोठ्या प्रेमानं आदल्या रात्री पोट अगदी गुळगुळीत करून आणतात, आणि आम्हाला लाईटखाली त्या कातडीवर बारीक बारीक लाल रेघा दिसतात. त्या प्रत्येक रेघेत रात्रभरात जंतू वाढलेले असतात. केस आड येत नसतील तर काढायची गरजच नसते, आणि काढायचे तर दवाखान्यात ट्रिमरनं, ऑपरेशनच्या थोडं आधी.

आंघोळ मात्र साबण लावून नीट करायची, आदल्या रात्री आणि जमलं तर सकाळीही, केसांवरून. टँकरचं पाणी आहे, कमी आहे, तरी या दोन आंघोळींना काटकसर करू नका. काखा, जांघा, स्तनांखालची घडी आणि बेंबी. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पहिलं छिद्र बेंबीपाशीच पाडतात आणि वर्षानुवर्षं कुणी बेंबीत बोट घातलेलं नसतं, आत काळा कडक मळ असतो. आंघोळीच्या आधी खोबरेल तेलाचे दोन थेंब टाकून अर्ध्या तासानं मऊ कापडानं हलकेच काढा, खरवडू नका, आणि मग साबणानं धुऊन टाका म्हणजे तेल राहणार नाही.

करदोडा काढा. कमरेचा काळा करदोडा काढायला पुरुष माणसं लई कचरतात, आणि मी समजू शकते, जन्मापासून बांधलेला असतो, एक काढायचा तर दुसरा बांधूनच. पण त्याच्या खाली घामानं कातडी पांढरी पडलेली असते, खाजवून ओरखडे आलेले असतात, आणि हर्नियाचा चीरा तिथून चार बोटांवर असतो. घरीच काढा, जागा धुवा, कोरडी करा. नवा करदोडा घेऊन ठेवा, जखम भरल्यावर बांधा. ताईत, जोडवी, अंगठ्या, नखांचं पॉलिश हेही घरीच. आंघोळीनंतर पावडर, हळद काही लावायचं नाही, धुतलेले कपडे घालून यायचं.

थिएटरच्या आत

इथं तुमच्या हातात फार काही नसतं, पण काय चालतं ते माहीत असावं. चीरा द्यायच्या साधारण तासभर आधी शिरेतून अँटिबायोटिकचा डोस देतात, म्हणजे कातडी उघडेल तेव्हा औषध रक्तात आणि तिथल्या मांसात पोचलेलं असतं. फार आधी किंवा चीरा दिल्यावर दिलं तर त्याचा तेवढा उपयोग नाही. ऑपरेशन फार लांबलं किंवा रक्त फार गेलं तर डोस परत देतात. कातडी अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकानं पुसून सुकू देतात. अंगाचं तापमान ३६ अंशांच्या खाली जाऊ नये म्हणून पांघरतात, कारण थंड पडलेल्या अंगात कातडीला रक्त कमी जातं. थिएटरबाहेर ट्रॉलीवर थांबलेला पेशंट कुडकुडत असेल तर "ब्लँकेट द्या" म्हणून बिनधास्त मागा, मराठवाड्यातल्या मे महिन्यातसुद्धा एसीत माणूस गारठतो.

ऑपरेशन जितकं लांबतं तितका धोका वाढतो, आणि इमर्जन्सीत तो ठरवून केलेल्यापेक्षा जास्त असतो. सिझेरियनमध्ये पाणी जाऊन फार तास झालेले असतील, कळा लांबल्या असतील, आतून तपासणी खूप वेळा झाली असेल तर जास्त. म्हणून पाणी गेलं की घरी थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि निघायचं.

अजून एक. "आमच्या पेशंटला भारीतलं अँटिबायोटिक आठ-दहा दिवस लावा" असा आग्रह नातेवाईक करतात. स्वच्छ, व्यवस्थित झालेल्या ऑपरेशननंतर इन्फेक्शन टाळायला म्हणून अँटिबायोटिक पुढं चालू ठेवू नका असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यानं इन्फेक्शन कमी होत नाही, उलट औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि मग खरंच गरज पडते तेव्हा साधं औषध लागू पडत नाही. पोटात आधीच पू असेल तर गोष्ट वेगळी, तिथं तो उपचार असतो.

वॉर्डात

एक पेशंट, एक माणूस. गावाकडनं टमटम भरून लोक येतात, प्रेमानं येतात, पलंगावर बसतात, आणि मग कुणीतरी म्हणतं "दाखव बरं किती मोठा चीरा दिलाय" आणि पट्टी वर होते. पहिले २४ ते ४८ तास थिएटरमध्ये लावलेली पट्टी हलवायचीच नाही, भिजली किंवा रक्तानं भरली तर सिस्टरला बोलवायचं. फोटो काढून ग्रुपवर टाकायला पट्टी उचलणं तर अजिबात नको.

हात हा सगळ्यात मोठा रस्ता आहे. साबणानं धुवायचे तर ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझर २० ते ३० सेकंद, नखांच्या कडा आणि अंगठे राहून जातात ते बघा. आणि आम्हालाही टोका. "सिस्टर, आधी हात धुता का" असं कुणी म्हटलं तर मला वाईट वाटत नाही, गर्दीच्या ड्युटीत एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर जाताना राहून जाऊ शकतं, तुमची आठवण माझ्याही कामाची आहे. वाईट वाटलंच कुणाला तर वाटू द्या, पेशंट तुमचा आहे.

गमछ्याबद्दल सांगायचंय. खांद्यावरचा एकच गमछा, त्यानं घाम पुसायचा, ताट पुसायचं, बाकडं झटकायचं, आणि त्याच गमछ्यानं पेशंटच्या पोटावर ओघळलेलं पाणी टिपायचं. पेशंटसाठी वेगळे दोन-तीन सुती पंचे आणा, रोज धुऊन उन्हात वाळवा. ऊन आपल्याकडं भरपूर आहे.

लघवीची पिशवी आणि ड्रेनची (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची) बाटली पेशंटच्या पातळीच्या खाली लटकवायची पण फरशीला टेकू द्यायची नाही, चालवताना पिशवी खांद्यावर घ्यायची नाही. लघवीची नळी कधी निघणार हे रोज राऊंडला विचारा, गरज संपली की निघालेली बरी. डॉक्टर चाला म्हणाले की चालवा. खोकताना उशी पोटाला धरून दाबायला सांगा.

सुट्टी होताना

कार्ड हातात आलं की लगेच गाडीकडं पळू नका. टाके कधी काढायचे (पोटाचे साधारण ७ ते १० दिवसांनी, हातापायाचे १० ते १४, पण तुमची तारीख लिहून घ्या), ड्रेसिंग किती दिवसांनी आणि कुठं, आंघोळ कधीपासून, वजन कधीपर्यंत उचलायचं नाही, रात्री काही झालं तर कुणाला फोन, हे विचारून कार्डावरच लिहून घ्या. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जनंतरच्या तपासणीचं काय ते आरोग्यमित्राला विचारा. गाव लांब असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात ड्रेसिंग होईल का तेही आधीच ठरवा, नाहीतर एसटीचे धक्के खात येणं नको म्हणून माणूस येतच नाही.

घरी

जखमेवर काही लावायचं नाही. हळद नाही, चुना नाही, राख नाही, शेण तर नाहीच नाही, मातीत-शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. रोज बीटाडीन ओतायचं काम पण स्वतःच्या मनानं नको, भरत आलेल्या नव्या कातडीला तेही झोंबतं. साधी, कडा जुळलेली, कोरडी जखम असेल तर ४८ तासांनंतर डॉक्टरांनी हो म्हटल्यावर अंगावरून स्वच्छ पाणी घेऊन आंघोळ चालते. घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं. विहिरीत पोहणं, टाकीत बसणं, पैठणला किंवा नांदेडला गोदावरीत डुबकी हे जखम पूर्ण भरेपर्यंत नाही.

उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात पट्टीखाली घाम साचतो, कातडी पांढरी भिजल्यासारखी होते आणि टाक्यांच्या भोकांतनं जंतू आत जातात. पेशंटला घरातल्या त्यातल्या त्यात गार जागी झोपवा, सुती सैल कपडे द्या, पट्टी घामानं ओली झाली की बदलून घ्या. गोठा, मळणीचं खळं, कापसाची वेचणी यापासून काही आठवडे लांब. घरच्यांनो, बाई ऑपरेशन होऊन घरी आली की आठव्या दिवशी ती पाण्याची घागर उचलताना दिसते, आणि ऊसतोडीच्या टोळीवर असेल तर मुकादमाची उचल फेडायची म्हणून पंधराव्या दिवशी फडात. टाके कातडीचे निघालेले असतात, आतला थर भरायला महिनेच लागतात. तिला थांबवा, तिचं काम दुसऱ्या कुणीतरी करा.

धोका कसा ओळखायचा

पहिल्या दोन दिवसांत थोडा ताप बऱ्याचदा जखमेचा नसतो. जखमेचं इन्फेक्शन साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून डोकं वर काढतं, म्हणजे नेमकं तुम्ही घरी गेल्यावर. रोज एकाच वेळी, एकाच उजेडात जखमेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि पेनानं लालीच्या कडेनं रेघ मारा, दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली का ते कळतं.

पट्टीवरचा डाग वाचायला शिका. वाळलेला तपकिरी डाग जुन्या रक्ताचा, पहिल्या दिवसांत चालतो. फिकट गुलाबी-पिवळसर पातळ पाणी थोडंसं, वास नाही, रोज कमी होतंय, तर बहुतेक ठीक. घट्ट पिवळा किंवा हिरवट, बोट लावलं तर चिकट, वास येणारा, तो पू. दुखणं दिवसेंदिवस कमी व्हायला हवं, ते कमी होऊन परत वाढलं, आणि पेशंट म्हणाला "ठणकायलंय" तर पट्टी उघडून बघायची वेळ आली. १००.४ च्या वर ताप, थंडी वाजणं, जखमेची कड उघडणं, भोवती गरम कडक सूज, हे असेल तर त्याच दिवशी दाखवा.

काही गोष्टींना रात्र जाऊ द्यायची नाही. पोटाच्या टाक्यांतून पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास अचानक भरपूर गुलाबी पाणी आलं, कपडे भिजले, तर आतले टाके सुटत असू शकतात. पेशंटला आडवं करा, स्वच्छ ओलं कापड झाका, आत काही ढकलू नका, १०८ बोलवा. ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच जखमेभोवती भयंकर दुखणं, कातडी निळी-काळी, फोड, दाबलं की कुरकुर, पेशंट बडबडतोय किंवा गळून गेलाय, हे फार वेगानं पसरणारं इन्फेक्शन असतं, तासांचा हिशोब असतो. आणि वरून जखम चांगली, पण ताप जात नाही, पोट फुगलंय, उलट्या, जेवण नको, तर आत पू असू शकतो, सोनोग्राफी लागते. शुगरच्या पेशंटला दुखत नाही म्हणून फसू नका, त्याची साखर अचानक वाढणं हीच खूण धरा.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचं वेगळं आहे. छिद्रं छान भरतात, महिन्याभरानं तिथं एक गाठ येते, मग पातळ पाणी झिरपत राहतं, साध्या गोळ्यांनी थांबत नाही. पाण्यात राहणारे टीबीच्या जातीचे जंतू, अवजारं नीट निर्जंतुक झाली नाहीत किंवा नंतर साध्या पाण्यानं धुतली तर येतात. याची तपासणी वेगळी आणि औषधं महिनोन्महिने, म्हणून तीन ठिकाणी मलम बदलत फिरू नका, ऑपरेशन झालं तिथंच दाखवा.

पू झालाच तर

गावातल्या डॉक्टरकडं सलाईन आणि इंजेक्शन घेऊन मग चार दिवसांनी आमच्याकडं येऊ नका. आधी पू तपासणीला गेला पाहिजे, कल्चर म्हणतात त्याला, कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध चालतं ते त्यात कळतं. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर घेतलं तर बऱ्याचदा काही उगवतच नाही. म्हणून विचारा, "औषध चालू करायच्या आधी कल्चर घेतलं का?" रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, पेशंट गंभीर असेल तर कल्चर घेऊन लगेच औषध चालू करतात.

बहुतेक वेळा काही टाके उघडून पू बाहेर काढतात आणि जखम उघडीच ठेवतात. हे बघून नातेवाईक हादरतात, "उघडंच ठेवलं की ओ!" पण वरून लगेच शिवलं तर पू आत कोंडतो. ती तळातून भरत वर येते, लाल दाणेदार मांस दिसायला लागलं की समजा बरं चाललंय. त्या मांसाला हात लागला की रक्त येतं, घाबरू नका. रोज ड्रेसिंग, दुखतं म्हणून अर्धा तास आधी दुखण्याची गोळी मागून घ्या, आणि दोन-तीन आठवडे किंवा जास्तही धरून चाला. आत जाळी किंवा प्लेट असेल तर पुढचा निर्णय सर्जन घेतील, कधी कधी ती काढावी लागते.

कल्चरचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा. पुढं कधी दुसरं ऑपरेशन ठरलं, अगदी दहा वर्षांनी का होईना, तर भूल द्यायच्या आधी ती पिशवी डॉक्टरच्या टेबलावर ठेवायची आणि कुठला जंतू निघाला होता ते दाखवायचं.